भोकासकट

रविवारी भट्टी बंद होती, म्हणून गेलो.
नाहीतर मी आणि प्रदर्शन,
जालन्यात कुणी ऐकलं तर हसेल.
कागद मुबीनला मिळाला होता,
टपरीवर भज्यांखाली आलेला,
तेलानं अर्धा आरपार झालेला.
‘प्रवेश मोफत’ एवढंच वाचता येत होतं.

वाचनालयाच्या वरचा हॉल.
चपला काढायच्या का, यावर
आमचा जिन्यातच वाद.
मुबीन म्हणाला, देऊळ थोडंच आहे.
मी म्हणालो, शांतता तर तशीच आहे.
शेवटी काढल्याच.
आत सगळे बूट घालून.

पहिलं चित्र पिवळं.
नुसतं पिवळं, खालच्या अंगाला एक रेघ.
शेजारी चिठ्ठी : ‘बदनापूर, दुपार’.
पंधरा वर्षं त्या रस्त्यानं येतो-जातो मी.
रेघ कशाची ते शोधत राहिलो,
रूळ? बांध? कुणाची वाळत घातलेली दोरी?
आणि एकदम डोळे बारीक झाले,
दुपारी दोनला केबिनबाहेर पाऊल टाकताना होतात तसे.
हात आपसूक कपाळावर गेला, सावली धरायला.
एका बाईंनी वळून पाहिलं.
मी केस सारखे केले.

दुसरं चित्र कळलं नाही.
तिसरंही नाही. हे सांगून ठेवतो,
नाहीतर तुम्हाला वाटेल सगळंच कळलं.

मग हॉलच्या मधोमध ते.
लोखंड. गंजलेलं, आपल्या ओळखीचं.
ट्रकचे कमानपाटे, रहाटाची साखळी,
तिफणीचे फण, एक अख्खं रिम,
सगळं एकमेकांच्या खांद्यावर चढत गेलेलं
आणि पोटाच्या उंचीला भोक.
पलीकडची भिंत दिसावी,
भिंतीपाशी उभा माणूस दिसावा, एवढं.
‘अनाम ४. प्रणिता घुले, अंबड.’

मुबीन एकवीस वर्षं गॅस कटर चालवतो.
तो चिठ्ठी वाचत नाही, जोड वाचतो.
उकिडवा बसला, अंगठ्यानं चाचपत गेला.
“लडकी का हात अच्छा है.
इधर जरा घाई करी.
यहाँ... यहाँ दम धरी.”

माझं काम काट्यावरचं.
ट्रक भरलेला घ्यायचा, मग रिकामा घ्यायचा,
वजा करून उरतो तो माल.
पावती फाडायची, पुढचा बोलवायचा.
मी लांबूनच अंदाज बांधला : एकशे नव्वद किलो.
लोखंडाच्या बाबतीत माझा डोळा सहसा चुकत नाही.
पण तो घसरून घसरून भोकाशीच जायचा.
ते कशात धरायचं?
मालात, की गाडीत?

ती कोपऱ्यात स्टुलावर बसून डबा खात होती.
मनगटावर ठिणग्यांचे काळे ठिपके,
मुबीनच्या हातावर आहेत तसेच, फक्त नवे.
सकाळपासून लोक तिला अर्थ विचारत होते म्हणे.
मी वजन विचारलं.
घास तसाच ठेवून ती हसली.
“दोनशे चार,” म्हणाली. “भोकासकट.”

चौदा किलो.
काट्यावर एवढी चूक झाली
तर मालक केबिनची चावी मागून घेतो.

उतरताना मुबीननं वहीत सही केली,
अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं ‘जोड पक्के’.
मी पेन हातात घेऊन उभा राहिलो,
मागं रांग झाली, तसा ठेवून दिला.
माझी चप्पल तेवढ्यात कुणीतरी सरकवली होती.

सोमवारी सकाळी परभणीची गाडी लागली.
भंगार उतरवून परत काट्यावर आली,
रिकामी, हौद्यात चार नटबोल्ट आणि थोडं ऊन.
ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला.
“साहेब, काय करू राहिले?”
म्हटलं, थांब जरा, आकडा हलू राहिला.

आकडा केव्हाचाच थांबला होता.